रेणूंच्या गुणधर्मांचे भाकीत : काटकसरीचा हिशेब

रसायनशास्त्राच्या अभ्यासकाला रेणूची रचना कागदावर मांडता येते. त्या रेणूचे वर्तन मात्र प्रयोगशाळेत अथवा दीर्घ गणिताने शोधून काढावे लागते. रचनेवरून गुणधर्म सांगता यावा, ही ह्या शास्त्राची फार जुनी आकांक्षा आहे. गेल्या दीड दशकात यंत्र-अध्ययनाने, म्हणजे सर्वत्र मशीन लर्निंग ह्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीने, ह्या आकांक्षेला नवे बळ दिले. ज्ञात रेणूंची उदाहरणे संगणकाला पुरवावयाची, त्यांवरून एक प्रतिमान घडवावयाचे आणि अज्ञात रेणूविषयी त्या प्रतिमानाकडे उत्तर मागावयाचे, असा हा मार्ग आहे. ह्या विषयावरील लेखनाचा ओघ आज मोठा आहे, आणि ‘आमचे प्रतिमान अधिक कार्यक्षम आहे’ असे विधान त्यात पदोपदी आढळते. कार्यक्षम म्हणजे काय, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. त्या एका शब्दाची झडती घेणे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

आमचे म्हणणे थोडक्यात सांगावयाचे तर असे : ह्या क्षेत्रात सर्वांत महाग वस्तू म्हणजे उदाहरणाला जोडलेले खरे उत्तर होय. ते उत्तर प्रयोगाने मिळो वा क्वांटम रसायनाच्या गणिताने मिळो, त्याची किंमत कोणाला तरी मोजावी लागतेच. म्हणून जी पद्धत अशा उत्तरांची गरज कमी करील तीच खरी काटकसरीची. आणि ही काटकसर खरी की दिखाऊ, हे प्रतिमानाला सर्वस्वी अपरिचित अशा रेणूंवर परीक्षा घेतल्यावाचून ठरू शकत नाही. ह्या दोन कसोट्या लावल्या असता काही गाजलेली यशे आकुंचित होतात, आणि काही कमी गाजलेल्या कामांचे मोल वाढते.

१

ह्या काटकसरीचा पहिला धडा संगणकाच्या आधीचा आहे. १९३७ साली हॅमेट ह्यांनी बेन्झीनच्या साधितांसाठी जे समीकरण मांडले ते पदव्युत्तर वर्गातील प्रत्येक विद्यार्थ्याने अभ्यासलेले असते. बेन्झोइक आम्लाच्या वलयावर निरनिराळे गट बसवून त्यांच्या आयनीभवनाचे स्थिरांक मोजावयाचे आणि त्यांवरून प्रत्येक गटाला एक ‘सिग्मा’ मूल्य द्यावयाचे. मग प्रत्येक अभिक्रियेला एक ‘ऱ्हो’ मूल्य दिले की त्या गटांचा त्या अभिक्रियेवरील परिणाम केवळ गुणाकाराने मिळतो. एका अभिक्रियामालिकेत मोजलेली मूल्ये अनेक अभिक्रियांच्या उपयोगी पडतात. एकदा मोजावे आणि अनेकदा वापरावे, हे काटकसरीचे शुद्ध रूप होय. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, ह्या समीकरणाच्या राज्याची सीमा आरंभापासून स्पष्ट होती. मेटा आणि पॅरा स्थानांवरील गटांना ते लागू पडते. ऑर्थो स्थानावरील गट अभिक्रियेच्या केंद्राला खेटून बसत असल्यामुळे तेथे ते चालत नाही. आपले भाकीत कोठे चालणार नाही हे सांगण्याची ही शिस्त पुढील विवेचनात वारंवार आठवावी लागणार आहे.

१९६४ साली हॅन्श आणि फुजिता ह्यांनी ह्याच विचाराला मेदस्नेहाची जोड देऊन तो औषधी रेणूंच्या क्षेत्रात नेला. २००४ साली डिलेनी ह्यांनी पाण्यातील विद्राव्यतेसाठी एक साधे रेषीय समीकरण दिले. त्यात चलराशी केवळ चार : ऑक्टॅनॉल व पाणी ह्यांतील विभाजनाचा गणिती अंदाज, रेणुभार, फिरू शकणाऱ्या बंधांची संख्या आणि रेणूतील अ‍ॅरोमॅटिक भागाचे प्रमाण. ह्या सर्वांजवळ उदाहरणे मोजकीच होती. उदाहरणांची ही उणीव त्यांनी रसायनाच्या ज्ञानाने भरून काढली. कोणती राशी महत्त्वाची असावी, हे त्यांनी आपल्या शास्त्रावरून ठरवले आणि तिचे वजन तेवढे आकड्यांकडून घेतले.

२

नव्या युगाचा आरंभ सामान्यतः २०१२ सालापासून धरतात. त्या वर्षी रुप, टकाचेन्को, म्युलर आणि फॉन लिलियनफेल्ड ह्यांनी सात हजारांहून अधिक सेंद्रिय रेणूंच्या अणुविघटन-ऊर्जा शिकणारे प्रतिमान प्रसिद्ध केले. रेणूचे वर्णन त्यांनी अणुकेंद्रांचे प्रभार व त्यांतील अंतरे ह्यांच्या एका सारणीने केले होते, आणि त्यांची सरासरी चूक प्रतिमोल सुमारे १० किलोकॅलरी होती. २०१४ साली ‘क्यूएम-९’ हा संच आला. कार्बन, नायट्रोजन, ऑक्सिजन आणि फ्लुओरीन ह्यांचे मिळून जास्तीत जास्त नऊ अणू, आणि त्यांना जोडलेले हायड्रोजन, अशा १,३३,८८५ रेणूंचे गुणधर्म त्यात डेन्सिटी फंक्शनल सिद्धांताच्या ‘बी३एलवायपी’ ह्या पद्धतीने काढलेले आहेत. पुढील अनेक वर्षे हा संच ह्या क्षेत्राचे परीक्षाकेंद्र बनला. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘श्नेट’ ह्या न्यूरल नेटवर्कने ५०,००० उदाहरणांवर शिकून ऊर्जेतील सरासरी चूक प्रतिमोल ०.५९ किलोकॅलरीवर आणली. सुमारे १,१०,००० उदाहरणांवर ती ०.३१ झाली. प्रतिमोल १ किलोकॅलरी ही ‘रासायनिक अचूकते’ची रूढ मर्यादा असल्याने हा विजयच मानला गेला.

ह्या कामाची बुद्धिमत्ता आम्ही नाकारीत नाही. तथापि हिशेब मांडून पाहावा. १,३३,८८५ रेणूंपैकी १,१०,००० रेणूंची उत्तरे आधी गणिताने काढावयाची, आणि त्यांच्या आधारे उरलेल्या वीस-तेवीस हजारांपैकी काहींची उत्तरे अचूक सांगावयाची! जो विद्यार्थी पाच भाग गणिते सोडवलेली पाहून सहाव्या भागाची उत्तरे देतो, त्याच्या स्मरणाचे कौतुक होईल. त्याने काटकसर केली असे मात्र कोणी म्हणणार नाही. शिवाय शिकवलेले आणि विचारलेले रेणू एकाच घराण्यातील आहेत. नऊ अणूंच्या मर्यादेत, चारच मूलद्रव्यांतून, एकाच रीतीने निर्माण केलेल्या यादीतून चिठ्ठ्या टाकून ही विभागणी होते. परीक्षेतील जवळजवळ प्रत्येक रेणूचा एखादा सख्खा भाऊ शिक्षणाच्या संचात बसलेला असतो.

दुसरा आक्षेप उत्तरांविषयी आहे. बी३एलवायपी ही उपयुक्त, परंतु आसन्न पद्धत आहे. सेंद्रिय रेणूंच्या अणुविघटन-ऊर्जेतील तिची स्वतःची चूक अनेकदा काही किलोकॅलरींची असते आणि रेणू मोठा होत जातो तसतशी ती वाढते. तेव्हा ०.३१ किलोकॅलरी हे अंतर प्रतिमान आणि निसर्ग ह्यांतले नव्हे. ते प्रतिमान आणि बी३एलवायपी ह्यांतले आहे. शिक्षकाच्या चुकांसह शिक्षकाची हुबेहूब नक्कल करणाऱ्या शिष्याला गुरूहून अधिक प्रमाण कसे मानावे? ‘रासायनिक अचूकता’ हा शब्द येथे ज्या अर्थाने वापरला जातो तो अर्थ निबंधाच्या आरंभीच सांगितला गेला पाहिजे. तो बहुधा सांगितला जात नाही, आणि नव्या विद्यार्थ्याचा त्यामुळे गैरसमज होतो.

३

खऱ्या काटकसरीची उदाहरणे ह्याच क्षेत्रात आहेत, आणि ती तीन प्रकारची आहेत.

पहिला प्रकार निवडीचा. कोणत्या रेणूचे उत्तर विकत घ्यावे, हे प्रतिमानालाच ठरवू द्यावयाचे. १९९२ साली स्युंग, ऑपर आणि सोम्पोलिन्स्की ह्यांनी ‘समितीला विचारणे’ ही कल्पना मांडली होती : एकाच विदेवर अनेक प्रतिमाने शिकवावी, आणि ज्या प्रश्नावर त्यांचे मतभेद अधिक, तो प्रश्न विचारावा. स्मिथ, इसायेव, रॉयट्बर्ग आणि त्यांचे सहकारी ह्यांनी ही कल्पना रेणूंना लावली. त्यांचा २०१७ चा ‘एएनआय-१’ हा संच सुमारे २ कोटी रेणुरूपांच्या ऊर्जांचा होता. २०१८ साली त्यांनी न्यूरल नेटवर्कांची एक समिती नेमली, आणि समितीत एकमत नसेल तेथेच नवे गणित केले. फळ असे की, जुन्या विदेच्या केवळ दहा टक्के विदेवर शिकलेले प्रतिमान जुन्याच्या तोडीस आले आणि पंचवीस टक्क्यांवर ते त्याच्या पुष्कळ पुढे गेले. ज्या रेणूंची उत्तरे प्रतिमानाला आधीच कळली होती त्यांवर कोट्यवधी गणिते खर्च झाली होती, असाच ह्याचा अर्थ होतो. निबंधाच्या शीर्षकातच ‘कमी म्हणजेच अधिक’ अशा आशयाचे शब्द होते, आणि ते अलंकारिक नव्हते.

दुसरा प्रकार उसनवारीचा. उत्तम गणित महाग असते. ‘सीसीएसडी(टी)’ ह्या कपल्ड क्लस्टर पद्धतीचा खर्च रेणूच्या आकारमानाच्या सातव्या घाताने वाढतो. रेणू दुप्पट झाला की खर्च १२८ पट होतो. अशा वेळी स्वस्त गणिताने बहुतेक मार्ग चालून जावा आणि स्वस्त व महाग गणितांतील फरक तेवढा प्रतिमानाने शिकावा, ही २०१५ साली रामकृष्णन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलेली रीत फार शहाणपणाची आहे. फरक हा मूळ राशीहून लहान आणि सौम्य असतो. म्हणून तो थोड्या उदाहरणांत शिकता येतो. २०१९ साली एएनआयच्या कर्त्यांनी ह्याच विचाराचे दुसरे रूप वापरले. प्रथम डेन्सिटी फंक्शनल सिद्धांताने काढलेल्या सुमारे ५० लाख उत्तरांवर प्रतिमान घडवले, आणि नंतर कपल्ड क्लस्टरच्या दर्जाच्या सुमारे ५ लाख निवडक उत्तरांनी त्याला पैलू पाडले. पायाला दगड आणि गाभाऱ्याला संगमरवर, अशी ही बांधणी आहे.

तिसरा प्रकार पूर्वज्ञानाचा, आणि तो हॅमेटच्या परंपरेशी जवळचे नाते सांगतो. रेणू अवकाशात फिरवला तर त्याची ऊर्जा बदलत नाही. त्याच्या अणूंवरील बले मात्र त्याच्याबरोबर फिरतात. हा नियम प्रतिमानाला उदाहरणांवरून शिकू द्यावा की त्याच्या घडणीतच घालावा? २०२२ च्या ‘नेक्विप’ ह्या प्रतिमानाने दुसरा मार्ग पत्करला. त्याच्या आतील राशी सदिशांप्रमाणे रेणूबरोबर फिरतात. पाणी आणि बर्फ ह्यांच्या एका अभ्यासात पूर्वीचे एक प्रतिमान १,३३,५०० रचनांवर शिकले होते. नेक्विपने केवळ १३३ रचनांवर शिकून बलांच्या भाकितात त्याच्यावर मात केली. जे आधीच ठाऊक आहे ते पुन्हा उदाहरणे देऊन विकत घ्यावयाचे नाही, हे तत्त्व ह्याहून स्पष्टपणे क्वचितच सिद्ध झाले असेल. ह्या घडणीमुळे प्रत्येक भाकिताला लागणारा संगणकाचा वेळ वाढतो, हे खरे आहे. परंतु आमच्या कसोटीने पाहता हा सौदा बहुधा फायद्याचा ठरतो, कारण वाढलेला खर्च स्वस्त वस्तूचा आहे आणि वाचलेला खर्च महाग वस्तूचा.

निवडीच्या पद्धतीलाही एक दोष आहे, तो येथेच नोंदवला पाहिजे. एका समितीने आपल्या शंकांनुसार निवडलेले रेणू दुसऱ्या जातीच्या प्रतिमानाला तितकेच उपयोगी पडतील असे नाही. आणि जेथे समितीचे सर्व सभासद एकमुखाने चुकतात तेथे प्रश्नच उपस्थित होत नाही. एकमत हे सत्याचे प्रमाण नव्हे, हे सभासंमेलनांप्रमाणे येथेही खरे आहे.

४

आता परीक्षेचा प्रश्न. येथवर क्वांटम रसायनाची उदाहरणे घेतली. परंतु हा प्रश्न औषधी रेणूंच्या क्षेत्रात अधिक तीव्र होतो, कारण तेथे उत्तर प्रयोगशाळेतून यावयाचे असते आणि उदाहरणे शेकड्यांनी किंवा हजारांनीच मिळतात. रेणूंची यादी चिठ्ठ्या टाकून विभागली तर शिकलेले आणि विचारलेले रेणू सारख्याच सांगाड्यांचे निघतात. बाजारातील ‘अपेक्षित प्रश्नसंच’ पाठ करणाऱ्याला हीच सोय मिळत असते. हे टाळण्यासाठी रेणूंची वलये व त्यांना जोडणारे दुवे, म्हणजे त्यांचा सांगाडा, ह्यांनुसार विभागणी करावी लागते. सांगाड्याची ही व्याख्या बेमिस आणि मर्को ह्यांनी १९९६ साली दिली, आणि २०१८ च्या ‘मॉलिक्यूलनेट’ ह्या संग्रहाने अशा विभागणीची रीत प्रचलित केली. २०१९ साली यांग व त्यांच्या सहकाऱ्यांनी औद्योगिक विदेवर असे दाखवले की, जुन्या रेणूंवर शिकून नंतरच्या रेणूंवर परीक्षा घेतली असता जे निष्कर्ष येतात, त्यांच्याशी सांगाड्यांची विभागणी अधिक जुळते. चिठ्ठ्यांची विभागणी तितकी जुळत नाही. संशोधकाला उद्याचे रेणू हवे असतात. चिठ्ठी कालच्याच रेणूंची परीक्षा घेते.

त्याहून कठीण परीक्षा ‘कड्यां’ची आहे. दोन रेणू जवळजवळ सारखे असावेत, एखादा गट तेवढा बदललेला असावा आणि जैविक क्रियाशीलता मात्र एकदम कोसळावी, अशा जागी गुणधर्माच्या भूप्रदेशाला कडा असतो. २०२२ साली व्हान टिलबोर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३० जैविक लक्ष्यांवर २४ पद्धतींची अशी परीक्षा घेतली. कड्यांपाशी सर्वच पद्धती अडखळल्या. परंतु रसायनज्ञांनी ठरवलेल्या वर्णकांवर आधारलेल्या साध्या पद्धती गुंतागुंतीच्या न्यूरल नेटवर्कांहून सरस ठरल्या. म्हणून नव्या प्रतिमानाची तुलना अशा साध्या पद्धतीशी करून दाखवल्याखेरीज त्याला कार्यक्षम म्हणण्याचा अधिकार पोहोचत नाही, असे आम्हांस वाटते.

प्रयोगाच्या स्वतःच्या अनिश्चिततेचाही विसर पडता कामा नये. विद्राव्यतेच्या मापनात निरनिराळ्या प्रयोगशाळांतील फरक अनेकदा अर्ध्या लॉग एककाच्या आसपास किंवा त्याहून अधिक असतो. चूक त्या पातळीला पोहोचल्यावर दुसऱ्या दशांश स्थळावर चाललेली स्पर्धा निरर्थक होते, कारण तेथे प्रतिमान रसायन शिकत नसून मापनातील गोंधळ पाठ करीत असते.

परीक्षा खरी असेल तर थोड्या उदाहरणांतूनही काय साधते ह्याचे उत्तम उदाहरण ‘हॅलिसिन’चे आहे. अमेरिकेतील एमआयटी येथील कॉलिन्स आणि बार्झिले ह्यांच्या गटांनी २०२० साली हे काम प्रसिद्ध केले. एश्चेरिशिया कोलाय ह्या जीवाणूची वाढ रोखण्याच्या गुणासाठी २,३३५ रेणू प्रयोगाने तपासले गेले. त्यांत १२० क्रियाशील निघाले, म्हणजे शंभरात सुमारे पाच. एवढ्या शिदोरीवर प्रतिमान शिकले. मग सुमारे सहा हजार रेणूंच्या दुसऱ्या एका संग्रहातून त्याने वरच्या क्रमाने सांगितलेले ९९ रेणू प्रत्यक्ष तपासले, तेव्हा ५१ रेणूंनी वाढ रोखली. त्यांतून पुढील अभ्यासासाठी निवड करताना शिकवलेल्या रेणूंशी साम्य नसणे हाही एक निकष ठेवला होता. अशा रीतीने, पूर्वी मधुमेहाच्या संदर्भात अभ्यासलेला आणि रचनेने प्रचलित प्रतिजैविकांहून वेगळा असलेला रेणू हाती आला. येथे प्रतिमान काही अपूर्व नव्हते. परीक्षा मात्र प्रयोगशाळेच्या टेबलावर झाली, आणि अपरिचित रेणूवर झाली. ह्या कामाचे मोल त्या परीक्षेत आहे.

५

ह्या विवेचनावर एक सबळ आक्षेप येईल. विदा इतकी वाढवावी की निवड, उसनवारी, पूर्वज्ञान ह्या सर्व युक्त्या अनावश्यक व्हाव्या, असे म्हणणारा पक्ष आज जोरात आहे. २०२५ साली ‘ओमोल-२५’ हा संच प्रसिद्ध झाला. त्यात ८३ मूलद्रव्यांचा समावेश आहे, काही रचना ३५० अणूंपर्यंतच्या आहेत, आणि डेन्सिटी फंक्शनल सिद्धांताची दहा कोटींहून अधिक गणिते आहेत. त्यांसाठी सुमारे ६०० कोटी कोअर-तास खर्ची पडले. म्हणजे प्रत्येक गणितामागे सरासरी जवळपास साठ. ह्या संचाने पूर्वीच्या संचांची संकुचित कुंपणे मोडली ह्यात संशय नाही, आणि तो सर्वांना खुला असल्यामुळे एकाने केलेला खर्च अनेकांच्या कामी येतो. एकदा मोजावे आणि अनेकदा वापरावे, हे हॅमेटचेच तत्त्व येथे विराट रूपात दिसते, असे त्याच्या बाजूने म्हणता येईल.

हा युक्तिवाद आम्हांला अर्धाच मान्य आहे. क्वांटम गणिताची उत्तरे पैशाने वाढवता येतात. जीवाणूच्या वाढीची, यकृतावरील विषारी परिणामाची किंवा औषधाच्या शोषणाची उत्तरे तशी वाढवता येत नाहीत. त्यांतील प्रत्येकामागे प्रयोग, वेळ आणि पुष्कळदा प्राण्यांचे जीव असतात. तेथे काटकसरीच्या विद्येवाचून गत्यंतर नाही. दुसरे असे की, विराट संचदेखील आपल्या पद्धतीच्या चुका बरोबर घेऊनच येतो. शिक्षक दहा कोटी वेळा बोलला म्हणून त्याची चूक बरोबर ठरत नाही.

ह्या प्रश्नाचा आपल्या विद्यार्थ्यांशी सरळ संबंध आहे. ज्या विभागाजवळ कोट्यवधी कोअर-तास नाहीत तेथील संशोधकाने ह्या क्षेत्रात उतरावेच कशाला, अशी निराशा चर्चासत्रांतून ऐकू येते. तिचे मूळ कार्यक्षमतेच्या चुकीच्या व्याख्येत आहे. गुणपत्रिकेतील शेवटचा दशांश मिळवणे हेच ध्येय असेल तर साधनसंपन्नांशी स्पर्धा व्यर्थच होय. परंतु कोणता प्रयोग करावा, कोणता टाळावा, आधीचे ज्ञान प्रतिमानात कसे गुंफावे आणि त्याची परीक्षा प्रामाणिकपणे कशी घ्यावी, ह्या प्रश्नांना मोठ्या यंत्रापेक्षा रसायनाची चांगली जाण अधिक लागते.

म्हणून अशा प्रत्येक निबंधाकडून निदान एवढे मागावे : चुकीचा एकच आकडा न देता उदाहरणांची संख्या वाढते तशी चूक कशी उतरते तो संपूर्ण वक्र द्यावा, प्रत्येक उत्तरासाठी काय खर्च आला ते सांगावे, साध्या पद्धतीशी तुलना करावी, परीक्षेचे रेणू शिकवलेल्या रेणूंपासून किती दूर होते ते दाखवावे. आणि शेवटी, आपले प्रतिमान कोठे चालत नाही ते स्पष्ट लिहावे. हॅमेटच्या समीकरणाला ऑर्थो स्थानाची मर्यादा जाहीर केल्याने कमीपणा आला नाही. त्या मर्यादेमुळेच, मेटा आणि पॅरा स्थानांविषयी ते जे सांगते त्यावर आजही विसंबता येते.